नव्याचा पहिला घास

नाशिकच्या एका सायकलच्या दुकानात माझ्या नवऱ्याचं माप घेतलं जात होतं आणि मी त्याच्या चपला हातात धरून उभी होते. दुकानदाराने त्याला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं केलं, दोन पायांच्या मधे एक जाड पुस्तक धरायला लावलं, ते वर ढकललं आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली. मग टेपने जमिनीपासून त्या रेघेपर्यंत मोजलं. मग हात मोजला, मग कमरेपासून खांद्यापर्यंत पाठ मोजली. लग्नाच्या कोटासाठीसुद्धा या माणसाचं इतकं माप कुणी घेतलं नव्हतं. नवरा पोट आत ओढून, श्वास कोंडून, ओळखपत्राच्या फोटोला उभं राहावं तसा उभा होता.

"मॅडमचंही घेऊ का माप?" दुकानदाराने विचारलं.

"तिला कशाला? तिची आहे ना," नवरा हसत म्हणाला.

माझी आहे हे खरं होतं. ती आधी त्याची होती. नोकरीला लागल्यावर त्याने घेतलेली, लोखंडी, घोड्यासारखी जड. पुढे त्याने मोटरसायकल घेतली आणि सायकल मला मिळाली. तेव्हापासून मी तिच्यावर जव्हारच्या घरातून जामसरच्या रस्त्यावरच्या माझ्या शाळेत जाते. सीट फाटली म्हणून तिला प्लास्टिकची पिशवी बांधलेली आहे. पावसाळ्यात पिशवी ओली, उन्हाळ्यात तापलेली. नवराही शिक्षकच, पण त्याची शाळा मोखाड्याच्या बाजूला लांब, म्हणून मोटरसायकल त्याला. तेही एक वेळ समजू शकते मी.

पण ही नवी सायकल त्याला शाळेत जायला नको होती. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, आणि त्याच सुमारास जव्हारमधल्या नोकरदारांनी रविवारी सायकली दामटायचा एक कंपू काढला. वाकड्या हँडलच्या, बारीक टायरच्या, रेसच्या सायकली. घट्ट चड्ड्या, डोक्याला शिरस्त्राण, घाटमाथ्यावर चहा आणि चहापेक्षा जास्त फोटो. नवऱ्याला ते चढलं. रोज चढ चढणारी मी, आणि नवी सायकल त्याला, ज्याने लग्नानंतर पायडल मारलेलं मी पाहिलं नव्हतं. मी जळले. याला दुसरा शब्द नाही आणि मला शोधायचाही नाही.

बरं, निवडायला मात्र मी लागतच होते. दुकानदार ॲल्युमिनियम, कार्बन, डिस्क ब्रेक असं सांगत होता आणि नवरा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. शेवटी मीच विचारलं, "मागच्या चाकाची मोठी दातेरी चक्री केवढी आहे? आमच्याकडे चढ अंगावर येतात. ही चक्री सपाटीची दिसते."

दुकानदाराने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. म्हणाला, "बरोबर आहे मॅडम, तुमच्या भागाला मोठी चक्री बसवून देतो." नवरा लगेच म्हणाला, "तेच म्हणणार होतो मी."

मग रंग. तीन सायकली समोर होत्या. "तू सांग," तो मोठेपणाने म्हणाला. मी हिरवी दाखवली. रोपांची आवणी होऊन पंधरवडा झाला की भात जो रंग धरतं, तो रंग. एका हाताने उचलून पाहिली तर रिकाम्या हंड्याइतकी हलकी. तिच्या दांडीवरून मी हात फिरवत होते आणि नवरा म्हणाला, "बघू, सरक जरा."

भाड्याच्या गाडीत सायकल आडवी घातली. पुढचं चाक काढावं लागलं, आणि ते ठेवायला जागा उरली नाही, म्हणून ते माझ्या मांडीवर आलं. त्र्यंबक गेलं, घाट गेला, मोखाडा आलं. सगळा रस्ता मी सवतीचं पोर सांभाळावं तसं ते चाक सांभाळत बसले. नवरा पुढे ड्रायव्हरला सायकलचं वजन सांगत होता.

मोखाड्याहून आम्ही आधी पोशेऱ्याला वळलो. तिथे सासर आहे. सासूबाई एकट्या राहतात, शेत करतात. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. नवं काही आणलं की आधी त्यांना दाखवायचं हा घरचा रिवाज आहे. त्या अंगणात आल्या. दातांना मशेरी लावत होत्या, त्यामुळे काळं झालेलं बोट बाजूला धरून त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली.

"छान हाय," त्या म्हणाल्या. "आता आत ठेव. कनगीपाशी."

"आत कशाला? जव्हारला न्यायची आहे," नवरा म्हणाला.

"नवं व्हायचंय अजून. तवर कोनी बसायचं नाय."

बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. आमच्या घरात नवीन भात शेतातून आलं तरी कुणी लगेच तोंडात घालत नाही. आधी ते कणसरीला, धान्याच्या देवीला, दाखवायचं, मग वाडवडलांना, त्या दिवसाला आम्ही 'नवं' म्हणतो. त्याआधी कुणी दाणा चाखला तर भात उष्टं झालं, आणि उष्टं झालेलं घराला लाभत नाही. देवांचं झालं की पहिला घास घरच्या पुरुषांचा, मग पोरांचा आणि शेवटी बायांचा. सासूबाई सगळ्यांच्या मागून जेवतात. त्यांच्या ताटात येते ती तळाची खरवड. माझ्याही.

"आई, ही सायकल आहे, भात नाही," नवरा म्हणाला.

"नवं त नवं."

नवरा शाळेत विज्ञान शिकवतो. अंधश्रद्धेवर दरवर्षी त्याचं भाषण असतं आणि चांगलं असतं. पण आईपुढे त्याचं विज्ञान चपलांबरोबर अंगणात राहतं. शिवाय त्याला पालघरला प्रशिक्षणाला जायचं होतं आणि लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची कणसं पोटरीतून बाहेर आली होती, म्हणजे नवं काही फार लांब नव्हतं. सायकलला चाक लावलं, ती धान्याच्या कणगीला टेकवली, तिच्यावर गोधडी घातली. नवरा गोधडी पुन्हा पुन्हा नीट करत होता. मला ताप आला होता तेव्हा एवढी गोधडी नीट केली नव्हती.

माझ्या आयुष्यात एकदा मला नवी सायकल मिळाली होती. हायस्कूल लांब पडायचं म्हणून वडिलांनी जव्हारच्या बाजारातून आणली होती. दांडीला अजून कागद गुंडाळलेला. मी हात धुऊन येईपर्यंत भाऊ तिच्यावर बसून पाड्याच्या बाहेर गेला होता. संध्याकाळी आणली ती पुढचं चाक वाकडं करून, कागद फाडून. मी रडले तर आई म्हणाली, "भाऊच आहे ना? सायकल पळाली का कुठे?" सायकल पळाली नव्हती. पण ती नवी राहिली नव्हती, आणि ते कुणाला समजावून सांगता येत नव्हतं. थोरल्या बहिणीचा फ्रॉक, भावाची सायकल, नवऱ्याचा जुना फोन. मला मिळालं सगळं, नाही असं नाही. फक्त कुणाचं तरी झाल्यावर मिळालं.

नवरा पालघरला गेला त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी पोशेऱ्याला गेले. नागलीत गवत माजलं होतं, ते काढायला सासूबाईंना हात हवा होता. रविवारी उजाडताच त्या हळव्या भातावरचे पोपट हाकायला गेल्या. मी भाकरी करून शेतात घेऊन जायची होती. घरात मी, चूल आणि गोधडीखाली ती.

मी फक्त बघणार होते.

गोधडी काढली. दारातून उजेड येत होता, त्यात ती हिरवी दिसत होती. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. मी ते धरून पाहिलं. मग सीटवर हात ठेवला. सीट मला थोडी उंच होती. उंचीला आम्ही नवराबायको जवळजवळ सारखे, तो टोपी घालतो तेव्हा उंच. दुकानदाराने दिलेली वाकडी चावी सीटखालच्या छोट्या पिशवीत होती. सीट खाली घ्यायची तर परत बरोबर तेवढीच वर करता आली पाहिजे. पेन्सिल शोधायला वेळ नव्हता. कपाळावरची टिकली काढली आणि सीटच्या दांड्यावर, जिथे तो खालच्या नळीत शिरतो तिथून बरोबर चार बोटं वर, चिकटवली. मग चावी फिरवली.

कुणी विचारलं तर सांगायचं होतं की मी ती उन्हात ठेवायला काढली. पण विचारायला कुणी नव्हतं. ओढणी कमरेला बांधली आणि मी गावाच्या वरच्या रस्त्याला लागले.

पहिली काही पायडलं मी पडणारच होते. टायर एवढे बारीक की रस्त्यावरचा प्रत्येक खडा हाताला सांगतो, मी इथे आहे. माझ्या लोखंडी सायकलवर मी ताठ बसते, इथे अंग पुढे टाकावं लागलं, मान वर करून बघावं लागलं. ब्रेकचीच दांडी आत ढकलली की गिअर बदलतो हे दुकानदार नवऱ्याला समजावत होता तेव्हा मी ऐकलं होतं. नवऱ्याने ऐकलं नव्हतं, तो आरशात बघत होता. ढकलली. खट्‌ झालं आणि पायाखालचा भार एकदम हलका झाला. चढ समोर होता. या चढावर मी माझ्या सायकलवरून नेहमी उतरते आणि ढकलत जाते. मी त्या चढाला म्हटलं, ये आता.

चढ सरला तेव्हा मला दम लागला होता आणि मी हसत होते. वर वाऱ्याला भाताचा वास होता. पलीकडे मोखाड्याचा डांबरी रस्ता दिसत होता. त्या रस्त्यावर मी किती वेळा जीपमध्ये कोंबून, चार माणसांच्या गुडघ्यांत गुडघे घालून गेले असेन. खाली उतारावर मी ब्रेक लावला नाही. शाळेत पोरांना मी रोज सांगते, उतारावर ब्रेक लावा.

सगळ्यात गोड काय होतं ते सांगते. सीटवरचं कंपनीचं पातळ प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. ते माझ्याखाली चुरचुरत होतं. या वस्तूवर माझ्या आधी कुणी बसलं नव्हतं. देव नाही, पूर्वज नाही, नवरा नाही.

परत आले, टायर ओल्या फडक्याने पुसले, टिकली नळीच्या चार बोटं वर येईपर्यंत सीट वर केली, चावी पिशवीत, गोधडी जशीच्या तशी. भाकरी घेऊन शेतात गेले. "उशीर केलास ग," सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, चूल पेटत नव्हती. त्या माझ्या कपाळाकडे पाहत राहिल्या. मग पोपट आले आणि त्या ओरडत उठल्या.

टिकली काढायची राहिली हे मला आठवलं ते नव्याच्या दिवशी. सायकलला झेंडूची माळ घातली होती, अख्खा पाडा अंगणात जमला होता. नवरा नवीन घट्ट चड्डीत, लाजत लाजत, शर्ट खाली ओढत. मी गर्दीतून वाट काढून सीटच्या दांड्याकडे पाहिलं. टिकली नव्हती. गळून पडली असेल म्हटलं. नवऱ्याने गावातून फेरी मारली, पोरं मागे धावली, फोटो निघाले. सीटवरचं प्लास्टिक त्याने सगळ्यांसमोर टर्रकन ओढून काढलं आणि टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मनात म्हणत होते, तुमचा दुसरा घास, साहेब.

पण तेवढ्याने मला समाधान मिळालं म्हणाल तर नाही. दुसऱ्या दिवसापासून सायकल जव्हारला आमच्या व्हरांड्यात आली आणि मी रोज तिच्या शेजारून माझी लोखंडी बाहेर काढू लागले. तिचं हँडल माझ्या सायकलच्या हँडलला लागू नये म्हणून नवऱ्याने मधे पुठ्ठा लावला. पुठ्ठा!

आणि त्याला ती जमत नव्हती. मान आखडली. तळहात बधिर झाले, फळ्यावर खडू धरवेना. बाजारात सगळ्यांच्या देखत उभ्या उभ्याच आडवा झाला, कारण थांबताना पाय टेकायचा असतो हे विसरला. रविवारचा कंपू पुढे निघून जायचा आणि हा चढावर शिट्टीसारखा श्वास घेत मागे. संध्याकाळी तो फोनवर सायकल चालवण्याचे व्हिडिओ बघायचा आणि मी त्याच्या मानेला तेल चोळायचे. हात त्याच्या मानेवर आणि डोळे व्हरांड्यात. ज्याला भूक नाही त्याच्यापुढे ताट आणि मी वाढपी.

पोशेऱ्याला गेलो तेव्हा त्याने आईला मान वळवून दाखवली. वळतच नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, "उष्टं झालंय ते."

"काय?"

"नवं. कोनीतरी आधी चाखलंय. म्हनून लाभत नाय."

"आई, पुन्हा तेच! मला सवय नाही, एवढंच आहे."

नारळ आणा म्हणाल्या, देवाला देऊ. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, आणि त्यामुळेच मला घाम फुटला. तरी आतल्या आत, खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्याही झाल्या. जन्मात एकदा माझं उष्टं दुसऱ्याने खाल्लं होतं.

नारळाने गुण आला नाही. नवऱ्याने नाशिकला फोन केला, दुकानदाराने हँडल थोडं जवळ घ्यायला सांगितलं, सीट थोडी पुढे. हळूहळू मान सुटली, हातात खडू राहू लागला. आणि मान सुटताच माणसाला मोठं सुचू लागलं. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते, तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "अगं, एक ठरवलंय. पुढच्या वर्षी मी कार्बनची घेतो. ही तुला. हलकी आहे, तुला शाळेला बरी पडेल."

तो मनापासून म्हणत होता. वाईट माणूस असता तर माझं काम सोपं झालं असतं.

"मला नको."

"का? रंगसुद्धा तूच पसंत केलेला."

"म्हणूनच नको. मला नवी पाहिजे. भिंतीला उभं करून, माझं माप घेऊन आणलेली. तुमची झालेली नको."

"माझी झालेली म्हणजे काय? बाटली का ती?"

"उष्टी झाली," मी म्हटलं, आणि तिथे जीभ जरा अडखळली.

"तूही आईसारखंच बोलायला लागलीस. अगं, घरात दोघांत कसलं उष्टं?"

"दोघांत नाही. माझ्याच ताटात असतं ते. दुकानात तुम्ही काय म्हणालात? तिला कशाला. तुमच्या मांडीवर एकदा तरी माझ्या सायकलचं चाक घेऊन बसा नाशिकपासून पोशेऱ्यापर्यंत, मग मला द्यायच्या गोष्टी करा."

तव्यावरची भाकरी करपली. ती त्याने खाल्ली. दोन दिवसांनी व्हरांड्यातला पुठ्ठा नाहीसा झाला होता. तेवढ्याने मला काय फरक पडणार होता?

थंडीत खुरासणी काढायला मी पुन्हा पोशेऱ्याला गेले. दुपारी सासूबाई आणि मी अंगणात उन्हाला बसलो होतो. त्यांनी लुगड्याच्या पदराची गाठ सोडली, मशेरीची डबी काढली, झाकण उघडलं आणि ते माझ्यापुढे धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला माझी टिकली होती.

"ही तुझी. दांड्याला व्हती. पूजेच्या आदीच काढली मी. पोराच्या नजरेस पडली असती."

"आई, मी फक्त..."

"गप," त्या म्हणाल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. अंगणात कोंबड्यांशिवाय कुणी नव्हतं. मग माझ्याकडे सरकल्या आणि हळूच विचारलं, "कसा लागला ग पयला घास?"

रागावतील म्हणून मी तयार होते. या प्रश्नाला तयार नव्हते.

"गोड," मी म्हटलं.

"गोडच लागत असंल." त्यांनी बोटावर मशेरी घेतली, पण दातांना लावली नाही. "माला काय म्हाईत."

बराच वेळ आम्ही खुरासणी पाखडत होतो. मग सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तुजी आन. पगार हाय ना तुला? आन आनि इथं ठेव. मग बघते कोन हात लावतो त."

मी आणली. त्याच दुकानातून. मी अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, दोन पायांत पुस्तक धरलं आणि दुकानदाराने माझी रेघ ओढली. चपला नवऱ्याने धरल्या. हिरवी नको म्हटलं, हिरवीला मी विटले होते. पिवळी घेतली, खुरासणीच्या फुलाची पिवळी, हँडलला पांढरीशुभ्र पट्टी गुंडाळलेली. येताना चाक नवऱ्याच्या मांडीवर होतं, आणि घाटात त्याचा पाय बधिर झाला तरी त्याने हूं की चूं केलं नाही. पोशेऱ्यात उतरल्यावर त्याने सहज म्हणून ब्रेक दाबून पाहायला हात पुढे केला, तर सासूबाईंनी त्याच्या मनगटावर चापट मारली. "शिमग्याला पुजू. तवर कोनी बसायचं नाय," त्या म्हणाल्या. मी स्वतः ती कणगीला टेकवली आणि स्वतः गोधडी घातली. माझ्याच सायकलवर बसायचा मोह मला होत होता, पण या वेळी चोरून नको होतं. या वेळी मला सगळ्यांसमोर, उजेडात, टाळ्या घेऊन पहिला घास घ्यायचा होता.

होळीच्या आदल्या दिवशी मी पोहोचले. सासूबाईंनी घर नुकतंच शेणाने सारवलं होतं. जमीन अजून मऊ होती. आणि त्या मऊ सारवणावर कणगीपासून उंबऱ्यापर्यंत एक बारीक रेघ गेली होती, आणि उंबऱ्यापासून परत कणगीपर्यंत दुसरी. बोटभर रुंदीची. मी गोधडी काढली. हँडलच्या पांढऱ्या पट्टीवर काळ्या बोटाचा ठसा होता. मशेरीचा.

माझं डोकं फिरलं. भाऊ परवडला, नवरा परवडला. जिने राखण करायची ती! इतकी वर्षं थांबून, भांडून, माप देऊन आणलेलं ताट, आणि पुन्हा कुणाचं तरी बोट त्यात. मी तशीच बाहेर गेले. त्या अंगणात होळीसाठी फाटे रचत होत्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांना कळलं. पदराने बोट पुसलं, उगाचच.

मी खूप काही बोलणार होते. तोंडातून निघालं ते एवढंच, "कसा लागला, आई, पहिला घास?"

त्यांनी खाली पाहिलं. मग, विचारलंय तर नीट सांगावं अशा बेताने, विचार करून म्हणाल्या, "कडक हाय जाम. बूड दुखतं." एक फाटा उचलून रचला. "चौकट धरून बसली व्हती मी दारात. पाय भुईला लागत नव्हतं. समदा रस्ता दिसत व्हता ग."

मला त्यांचा राग आला. अजूनही आठवलं की येतो.

दुसऱ्या दिवशी पाडा अंगणात जमला. सासूबाईंनी सायकलला हळद-कुंकू लावायला माझ्या चुलत जावेच्या पोरीला पुढे केलं, नारळ फोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कोनी हात लावायचा नाय. नवं हाय तिचं, अजून कोनी बसलं नाय."

नवऱ्याने हात मागे घेतला. सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी पुढे झाले. ओढणी कमरेला बांधली, पट्टीवरचा तो काळा ठसा मुठीत झाकला आणि पायडलवर पाय ठेवला.